उवांची साक्ष

दरवर्षी हिवाळा सुरू झाला, की मुंबई, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या मध्ये पसरलेल्या खाड्यांवर गुलाबी पाहुणे उतरू लागतात. ओहोटी लागते, चिखल उघडा पडतो आणि त्यावर दूरवर एक गुलाबी रेघ दिसू लागते. नीट पाहिले, तर ती रेघ हळूहळू हलताना दिसते. हेच रोहित पक्षी. त्यांच्या इंग्रजी नावावरून आपण सगळे त्यांना फ्लेमिंगो म्हणतो. पनवेल तालुक्यातील उलवे गावाच्या एका बाजूला पनवेलची खाडी आहे आणि खाडीपलीकडे नेरूळ आहे. नेरूळच्या पाणथळ जागांवर आणि ठाण्याच्या खाडीत हे पक्षी हजारोंच्या संख्येने येतात. त्यामुळे उलव्याच्या मुलांना ते नवे नाहीत.

मित्रांनो, हा पक्षी तुम्ही पाहिला असेल. पण तो कोणाचा नातेवाईक आहे, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? त्याचे लांब पाय पाहिले, तर तो करकोच्याचा भाऊ वाटतो. त्याची चोच पाहिली आणि त्याचा आवाज ऐकला, तर तो बदकाच्या घरातला वाटतो. उथळ खाऱ्या पाण्यात तो चालू लागला, की शेकाट्या पक्ष्याची आठवण येते. मग त्याचे खरे कूळ कोणते? या एका प्रश्नावर शास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत होते. त्याचे उत्तर शेवटी दोन अगदी बारीक गोष्टींनी दिले. एक म्हणजे पक्ष्याच्या पिसांत राहणाऱ्या उवा आणि दुसरी म्हणजे त्याच्या पेशींत असलेली जनुके. हे उत्तर कसे मिळाले, ते या पाठात पाहू.

सुरुवातीला शास्त्रज्ञांजवळ एकच साधन होते. ते म्हणजे पक्ष्याचे रूप. चोच, पाय, पिसे आणि हाडे पाहायची आणि ज्याच्याशी साम्य दिसेल त्याच्या शेजारी त्याला बसवायचे. इंग्लंडमधील प्रसिद्ध शास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी १८६७ साली पक्ष्यांची हाडे पाहून त्यांची विभागणी केली. रोहित पक्ष्यापाशी आल्यावर त्यांना काही एक बाजू घेता येईना. शेवटी त्यांनी बदके आणि करकोचे यांच्या मधोमध त्याच्यासाठी एक वेगळा गट केला. पुढे १९८० साली अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी तिसरेच मत मांडले. रोहित हा शेकाट्याच्या जवळचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येकाजवळ पुरावे होते, पण ते एकमेकांशी जुळत नव्हते.

असे का होते? कारण रूप नेहमीच नाते सांगत नाही. सुताराजवळ हातोडा असतो आणि लोहाराजवळही असतो. म्हणून ते दोघे भाऊ ठरत नाहीत. दोघांना ठोकण्याचे काम करावे लागते, म्हणून दोघांचे हत्यार सारखे असते. निसर्गातही असेच घडते. डॉल्फिन आणि शार्क दोघेही पोहतात, म्हणून दोघांचे अंग निमुळते आहे. पण शार्क हा मासा आहे आणि डॉल्फिन पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. रोहित आणि बदक दोघेही पाणी गाळून त्यातील बारीक जीव खातात. म्हणून दोघांच्याही चोचीच्या कडेला गाळणीसारखी रचना असते. ती एका पूर्वजाकडून आली, की एकाच कामामुळे तयार झाली, हे केवळ चोच पाहून कसे सांगणार? दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण येथे अगदी लागू पडते.

म्हणून काही शास्त्रज्ञ वेगळा साक्षीदार शोधू लागले आणि त्यांची नजर उवांवर गेली. तुम्ही हसाल. पण ऊ हा मोठा उपयोगी प्राणी आहे. पक्ष्यांच्या अंगावर राहणाऱ्या बहुतेक उवा पिसांचे तुकडे कुरतडून खातात. त्यांना पंख नसतात. त्या पिसांना अंडी चिकटवतात. त्यांचा जन्म, वाढ आणि मृत्यू एकाच पक्ष्याच्या अंगावर होतो. पक्ष्यापासून दूर पडलेली ऊ फार काळ जगत नाही. एका पक्ष्यावरून दुसऱ्या पक्ष्यावर जाण्याची तिला मोठी संधी मिळते ती घरट्यात. आईबापांच्या अंगावरील उवा पिलांच्या अंगावर जातात. जसे घर वारसाहक्काने मुलांना मिळते, तशा उवाही पिलांना वारशाने मिळतात.

आता विचार करा. पक्ष्यांची एक जात कालांतराने दोन भागांत विभागली गेली. एक भाग डोंगराच्या अलीकडे राहिला आणि दुसरा पलीकडे गेला. लाखो वर्षांत त्यांच्या दोन वेगळ्या जाती झाल्या. मग त्यांच्या उवांचे काय झाले? त्याही दोन ठिकाणी विभागल्या गेल्या आणि त्यांच्याही दोन जाती झाल्या. म्हणजे पक्ष्यांची वंशावळ आणि उवांची वंशावळ सारखीच वाढत गेली. वंशावळीला उर्दूत आपण शजरा म्हणतो. पक्ष्यांचा शजरा हरवला असेल, तर उवांचा शजरा वाचून तो पुन्हा लिहिता येईल, अशी ही कल्पना होती. अमेरिकेतील वर्नन केलॉग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मांडण्यास सुरुवात केली होती.

ही कल्पना पोकळ नाही. माणसाच्या डोक्यातील उवेची सर्वांत जवळची नातेवाईक ऊ चिंपांझीच्या अंगावर सापडते. उवांच्या या दोन जाती सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असे त्यांच्या जनुकांवरून दिसते. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वजही साधारण त्याच काळात वेगळे झाले. दोन्ही शजरे येथे जुळले.

रोहित पक्ष्याच्या उवा तपासल्या, तेव्हा एक लक्षात येण्याजोगी गोष्ट दिसली. त्याच्या अंगावरील उवांचे तीन गट असे आहेत, की ते बदके आणि हंस यांच्याशिवाय इतर पक्ष्यांवर राहत नाहीत. करकोच्यांशी मात्र असे खास साम्य नव्हते. लंडनमधील उवांच्या अभ्यासक थेरेसा क्ले आणि मिरियम रॉथ्सचाइल्ड यांनी १९५२ साली पक्ष्यांच्या परोपजीवींवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. अशा साक्षींना तेव्हा फार महत्त्व आले होते. उवा सांगतात, की रोहित हा बदकांचा नातेवाईक आहे, असे अनेकांना वाटू लागले.

पण एक शंका उरली. ऊ नेहमी वारशानेच येते का? वर्गात एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलींची डोकी एकमेकींना लागली, तर एकीच्या उवा दुसरीच्या डोक्यात जातात. म्हणून त्या सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. पक्ष्यांमध्येही असे घडू शकते. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकाच पाण्यावर दाटीने बसतात. काही उवा तर पक्ष्यांचे रक्त पिणाऱ्या माश्यांना चिकटून एका पक्ष्यावरून दुसऱ्या पक्ष्यावर जातात. मग रोहितावर बदकाच्या उवा आहेत, त्या नात्यामुळे की शेजारामुळे? याचा निकाल लावण्यासाठी उवांपेक्षा वेगळा साक्षीदार हवा होता. तो पेशीच्या आत सापडला.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा पदार्थ असतो. त्याला एक फार लांब मजकूर समजा. हा मजकूर फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो. पक्ष्याच्या एका पेशीतील मजकुरात शंभर कोटींहून अधिक अक्षरे असतात. आईबापांकडून पिलाला या मजकुराची नक्कल मिळते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते. ते बदललेले अक्षर पुढच्या पिढ्यांत तसेच उतरत जाते.

नकलेतील बदलांवरून नाते कसे ओळखतात, हे समजण्यासाठी आपल्या जुन्या कातिबांचे उदाहरण घेऊ. छापखाने नव्हते, तेव्हा कातिब हाताने पुस्तकांच्या नकला करीत. शब्दाच्या सुरुवातीला 'बे' आणि 'नून' या अक्षरांत फरक असतो तो फक्त नुक्त्याच्या जागेचा. नुक्ता खालचा वर गेला, की 'बाम' या शब्दाचा 'नाम' होतो. समजा, एका पुस्तकाच्या तीन नकला तुमच्या समोर आहेत. त्यांतील दोन नकलांत एकाच ओळीत 'बाम' ऐवजी 'नाम' लिहिले आहे. अशाच आणखी वीस चुका त्या दोघींत सारख्या आहेत. तिसऱ्या नकलेत त्या नाहीत. मग तुम्ही काय म्हणाल? त्या दोन नकला एकाच जुन्या नकलेवरून उतरवल्या आहेत, असेच म्हणाल. एखादी चूक योगायोगाने जुळेल, पण वीस चुका जुळणार नाहीत. शास्त्रज्ञ डीएनएचा मजकूर असाच वाचतात. ज्या दोन पक्ष्यांत सारखे बदल अधिक आढळतात, त्यांचा समान पूर्वज जवळचा मानतात.

या पद्धतीने पाणपक्ष्यांचा मजकूर वाचला गेला, तेव्हा सगळेच चकित झाले. मार्सेल व्हॅन ट्यूनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोहिताचा सर्वांत जवळचा नातेवाईक बदक नाही, करकोचा नाही आणि शेकाट्याही नाही. तो आहे टिबुकलीच्या कुळातला पक्षी. बदक तर रोहितापासून फारच दूर निघाले. बदकांचे आणि कोंबड्यांचे कूळ एक आहे. हे कूळ आणि रोहिताचे कूळ डायनोसॉर नष्ट होण्यापूर्वीच वेगळे झाले होते. म्हणजे तळ्यातले बदक हे रोहितापेक्षा अंगणातल्या कोंबडीला अधिक जवळचे आहे.

टिबुकली तुम्ही गावच्या तळ्यात पाहिली असेल. ती कबुतरापेक्षा लहान आणि तपकिरी रंगाची असते. विणीच्या हंगामात तिची मान तांबूस होते. आपली चाहूल लागताच ती बुडी मारते आणि बऱ्याच अंतरावर डोके वर काढते. तिचे पाय आखूड असून शरीराच्या अगदी मागच्या बाजूला असतात. त्यामुळे तिला जमिनीवर नीट चालता येत नाही. ती पाण्यावर तरंगणारे घरटे बांधते आणि पिलांना पाठीवर घेऊन फिरते. कोठे माणसाच्या छातीपर्यंत पोहोचणारा गुलाबी रोहित आणि कोठे ओंजळीएवढी टिबुकली! या दोघांना कोणी एका घरातले म्हटले असते का?

तरीही पुरावे वाढत गेले. जर्मनीतील गेराल्ड मायर यांनी २००४ साली दोघांची हाडे पुन्हा नव्याने तपासली आणि त्यांच्यातील साम्ये दाखवून दिली. दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर असतो, हेही त्यांनी लक्षात आणून दिले. ही साम्ये पूर्वीही होतीच. पण त्या दिशेने पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. युरोपातील खडकांत पॅलिलोडस नावाच्या एका नष्ट झालेल्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले आहेत. तो रोहिताच्या घराण्यातला होता, पण त्याचे पाय पोहण्यास योग्य होते. लांब पायांचा रोहित आणि पोहणारी टिबुकली यांना जोडणारा हा जणू एक दुवाच आहे.

मग उवांनी खोटी साक्ष दिली का? बरीच वर्षे शास्त्रज्ञांना तसे वाटत होते. बदकाच्या उवा केव्हातरी रोहितावर गेल्या असतील, असे म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. पण २००६ साली केविन जॉन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी उवांच्याच जनुकांचा मजकूर वाचला. जर रोहिताने बदकाकडून उवा घेतल्या असत्या, तर रोहिताच्या उवांचे मूळ बदकांच्या उवांत सापडले असते. पण तसे झाले नाही. रोहिताच्या उवांचे नाते टिबुकलीच्या कुळातील उवांशी जुळले. म्हणजे या दोन पक्ष्यांना उवा आपल्या समान पूर्वजाकडून वारशाने मिळाल्या होत्या. बदकांवरील उवा मात्र त्याच घराण्यातून नंतर फुटलेल्या निघाल्या. बदकाच्या उवा रोहितावर गेल्या नव्हत्या, तर रोहिताच्या उवा बदकावर गेल्या होत्या!

म्हणजे उवा खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांचे म्हणणे आपण अर्धेच ऐकले होते. कोणाच्या अंगावर कोणती ऊ आहे, एवढेच पाहिले, तर तो केवळ शेजार कळतो. उवांचा शजरा वाचला, तेव्हा नाते कळले आणि शेजारही कळला.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जनुकांची साक्ष तरी नेहमी सरळ असते का? २०१४ साली ४८ जातींच्या पक्ष्यांचा संपूर्ण डीएनए वाचला गेला. त्यावरून रोहित आणि टिबुकली यांची जोडी कबुतरांच्या जवळची आहे, असे दिसले. पुढे २०२४ साली ३६३ जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा हे नाते टिकले नाही. डीएनएचा सुमारे दोन कोटी दहा लाख अक्षरांचा एकच तुकडा शास्त्रज्ञांची दिशाभूल करीत होता, असे आढळले. बाकीचा मजकूर वेगळेच सांगत होता. रोहित आणि टिबुकली यांची जोडी मात्र दोन्ही वेळा कायम राहिली. हाडे, अंडी, उवा आणि जनुके असे चार साक्षीदार ज्या गोष्टीवर एकमत झाले, ती गोष्ट टिकली.

हे सारे ज्ञान पक्षी जिवंत असल्यामुळे मिळाले, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डोर नावाचे मोठे गिधाड नष्ट होत चालले होते. १९८७ साली उरलेले सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात आणले आणि त्यांची संख्या पुन्हा वाढवली. हे काम मोलाचे होते. पण पक्षी निरोगी राहावेत, म्हणून त्यांच्या अंगावरील उवा औषधाने मारल्या गेल्या. कॉन्डोरच्या अंगावरील उवेची एक खास जात त्यानंतर कोठेही सापडली नाही. पक्षी वाचला, पण त्याच्या वंशाचा एक साक्षीदार कायमचा गेला.

आपल्या भागातही विचार करण्यासारखे बरेच आहे. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले गेले आणि २०२२ साली रामसर यादीत या जागेची नोंद झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ येथील रोहितांचा अभ्यास करतात. या संस्थेशी डॉ. सालिम अली यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता. कच्छच्या रणातील रोहितांच्या वसाहतीचे वर्णनही त्यांनी १९४५ साली लिहिले. दुसरीकडे उलव्याचे रूप झपाट्याने बदलले आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट केली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. माणसांना रस्ते, घरे आणि कामधंदा हवा, हे खरेच आहे. पण एखादे तळे बुजते, तेव्हा केवळ पाणी जात नाही. त्यातली टिबुकली जाते. तिच्याबरोबर तिच्या पिसांतल्या उवा जातात आणि कोणी न वाचलेला एक जुना शजराही जातो.

म्हणून यापुढे खाडीवर रोहितांचा थवा दिसला, तर दुरूनच शांतपणे पाहा. त्यांच्याजवळ जाऊ नका, त्यांना उडवू नका. आणि परत येताना वाटेत एखादे तळे लागले, तर तेथेही क्षणभर थांबा. एखादी तपकिरी टिबुकली बुडी मारताना दिसेल. गुलाबी पाहुण्याची ती घरातलीच आहे, हे आता तुम्हांला माहीत आहे.

शब्दार्थ

पूर्वज – बापदादा
वंशावळ – शजरा
कूळ – खानदान
साक्षीदार – गवाह
पुरावा – सबूत
परोपजीवी – दुसऱ्या सजीवाच्या आधाराने जगणारा, तुफैली
विणीचा हंगाम – अंडी घालण्याचा काळ
दिशाभूल करणे – चुकीच्या वाटेने नेणे
पाणथळ जागा – जेथे पाणी साचून राहते अशी जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) थॉमस हक्स्ली यांनी रोहित पक्ष्याला कोठे स्थान दिले?
(आ) उवा पिलांच्या अंगावर कशा येतात?
(इ) बदकांचे कूळ कोणाच्या कुळाशी जुळते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) केवळ रूप पाहून नाते का ठरवता येत नाही?
(आ) कातिबाच्या उदाहरणावरून लेखकाने काय समजावून सांगितले आहे?
(इ) 'उवा खोटे बोलल्या नव्हत्या,' असे लेखकाने का म्हटले आहे?

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : वारसा, चाहूल, दुवा, एकमत.

४. तुमच्या परिसरातील तळे, खाडी किंवा शेत येथे दिसणाऱ्या पाच पक्ष्यांची नावे मराठीत व उर्दूत लिहा. त्यांतील एका पक्ष्याची चोच, पाय आणि खाणे यांचे पाच वाक्यांत वर्णन करा.